चाबूक: मारायचा की वाजवायचा?

नागपुरात पोतराजाचा आसूड ऐकलाय ना? अंगावर पडण्याआधी तो कानावर पडतो. राखणीच्या कुत्र्याला शिकवतानाही आज चाबूक मुख्यतः असाच वापरतात: तो लांबून कडाडतो, पिल्लू उसळलं की त्याला चावायला चिंधी मिळते. पिल्लानं शेपूट घातलं, तर अंतर वाढवायचं.

पण कोनराड मोस्ट यांच्या १९१० च्या जर्मन पुस्तकात जबरदस्तीला मोठी जागा आहे. भारतात मात्र १८९० च्या आणि पुढे १९६० च्या कायद्यानं जनावरांना क्रूरपणे मारणं गुन्हा ठरवलं.

म्हणून जुन्या कागदात ‘चाबूक’ दिसला की लगेच क्रौर्य म्हणू नका, निर्दोषही ठरवू नका. आधी विचारा: कोणत्या वर्षी, कुणाच्या हातात, कशासाठी?