ब्रह्मचाऱ्याची फजिती आणि किशोरी

मंडळी, व्याख्यान सुरू व्हायच्या आधीच पुढच्या रांगेतल्या एका काकांनी आम्हाला अडवलं. म्हणाले, इतिहासाच्या मालेत सिनेमा कशाला? काका, प्रश्न बरोबर आहे. पण लोक कशावर हसत होते हे कळलं, की त्यांना कशाची भीती वाटत होती तेही कळतं. म्हणून आज एका विनोदी चित्रपटाकडे इतिहासाचं साधन म्हणून पाहू.

साल १९३८. आपलं तेल्हारा तेव्हा अकोट तालुक्यात, आणि वऱ्हाड ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या जोडनावाच्या प्रांतात. त्या साली लंडनमध्ये ‘पिग्मॅलियन’ हा चित्रपट आला. बर्नार्ड शॉच्या नाटकावरचा. एलायझा ही फुलं विकणारी पोरगी, तिची बोली गावंढळ म्हणून हिणवलेली. एक प्राध्यापक पैज लावून तिला ‘शुद्ध’ बोलायला शिकवतो. पुण्यात गेल्यावर ‘मी येऊन राह्यलो’ म्हटलं की लोक कसे बघतात हे ज्यांनी सोसलंय, त्यांना एलायझा समजावून सांगायची गरज नाही. शॉचं म्हणणं असं, की या पोरीनं त्या प्राध्यापकाकडे परत जाऊ नये. चित्रपटवाल्यांनी मात्र तिला परत आणलं, आणि तो तिच्याकडे आपल्या चपला मागतो तिथं चित्रपट संपवला. प्रेमकथा हवी ना!

त्याच साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ पडद्यावर आला. लेखन आचार्य अत्रे यांचं, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचं, नायकही विनायकच. हे अत्रे पेशानं शिक्षक, लंडनहून शिक्षणाची पदविका घेऊन आलेले. १९३३ साली ‘साष्टांग नमस्कार’ नाटकात त्यांनी लोकांच्या नाना वेडांची यथेच्छ टिंगल केली होती. आता पाळी आली ब्रह्मचर्याची.

गोष्ट साधी. औदुंबर नावाचा एक सामान्य तरुण. खोलीत नट्यांची चित्रं जमवलेली. एका देशभक्ताचं ब्रह्मचर्यावरचं भाषण ऐकतो आणि पेटतो. चित्रं फेकतो, व्यायाम सुरू करतो, एका आचार्यांच्या संस्थेत दाखल होतो. हे आचार्य म्हणजे दामुअण्णा मालवणकर, तेव्हा गांभीर्य किती टिकणार ते सांगायला नको. मग येते किशोरी. ती हौदात पोहते, पोहण्याच्या पोशाखात गाते आणि औदुंबरचा निश्चय पाण्यात जातो.

वऱ्हाडातल्या माणसाला या कथेत हसण्याआधी थोडं थांबावं लागतं. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं, वैद्य बंधूंनी उभं केलेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या खेळाडूंनी तिथं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. म्हणजे चित्रपटाच्या फक्त दोन वर्षं आधी. शरीर कमावणं म्हणजे देश कमावणं, असं मानणारी पोरं आपल्या गावागावांतल्या आखाड्यांत होती, आणि त्यांचा निश्चय खोटा नव्हता. अत्र्यांची थट्टा आम्हाला व्यायामाची वाटत नाही. ती त्या विचारामागच्या एका गृहीताची आहे. बाई म्हणजे मोह, आणि पुरुष बिचारा त्यात सापडणारा, हे ते गृहीत.

याला वऱ्हाडातून एका बाईनं फार आधी उत्तर दिलं होतं, १८८२ साली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक विचाराचे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला, वर्तमानपत्रांनी समस्त बायकांना झोडपलं, आणि ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. जे दुर्गुण बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, हा तिचा सरळ सवाल. अत्र्यांनी ते पुस्तक वाचलं होतं असं आमचं म्हणणं नाही. पण ताराबाई रागानं विचारतात तो प्रश्न ‘ब्रह्मचारी’ हसत हसत विचारतो: व्रत तुझं, मोडलंस तू, मग दोष तिचा कसा?

आता त्या पोशाखाबद्दल. मीनाक्षी शिरोडकर यांचा हा पहिला चित्रपट. मूळ नाव रतन पेडणेकर, जन्म १९१६ चा. शास्त्रीय गाणं शिकलेल्या, आणि हौदातलं ते गाणं त्यांच्याच गळ्यातलं. १९३६ साली लग्न झालेलं. म्हणजे पडद्यावर ज्यांच्यावरून खळबळ माजली त्या एक विवाहित गृहिणी होत्या. काळ कोणता? मुलीच्या लग्नाचं वय किमान चौदा असावं हे सांगणारा शारदा कायदा १९२९ साली झाला होता आणि त्यावरही केवढी बोंब झाली होती. त्यात ही चांगली वयात आलेली, बिनलग्नाची मुलगी स्वतःहून पुरुषाच्या मागे लागते.

लोकांनी पोशाखाची चर्चा केली. आमच्या मते धक्का दुसरीकडे होता. मराठी पडद्यावर बंडखोर मुलगी त्याआधीही होती. १९३७ च्या ‘कुंकू’मधली शांता आपटे यांची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला ठाम नकार देते. पण नीरा दुःखी आहे, तिच्यावर अन्याय झालाय, प्रेक्षकाला तिची दया येते. किशोरीची दया यायचं कारणच नाही. ती मजेत आहे. तिला काय हवंय ते तिला ठाऊक आहे आणि ते ती मिळवते. दया न मागणारी बाई पचायला जड जाते, आजसुद्धा.

आमच्या मनात एक खोच मात्र राहते. किशोरी मोकळी आहे हे खरं, पण कॅमेरा? तो कोणाच्या डोळ्यांनी बघतो? हौदातल्या त्या प्रसंगात प्रेक्षक औदुंबरला हसतो आणि त्याच वेळी औदुंबरसारखाच टक लावून बघतो. अत्र्यांना हे कळत नव्हतं असं वाटत नाही. हा माल खपणार, याचा हिशेब त्यांच्याजवळ पक्का होता. पण त्याचा भार मीनाक्षीबाईंवर पडला. पुढे कितीतरी कामं केली, तरी आजही नाव काढलं की लोक आधी तो पोशाखच काढतात. विनायकांना कुणी एका दृश्यापुरतं आठवत नाही.

आणि ताराबाई? ‘ब्रह्मचारी’ लोकांच्या आठवणीत राहिला, ताराबाईंचं पुस्तक मात्र बुलढाण्यातही कुणाला ठाऊक नव्हतं. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा छापलं, तब्बल त्र्याण्णव वर्षांनी. त्याच साली पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेली एलायझा ‘ती फुलराणी’मधून रंगमंचावर आली. भक्ती बर्वे यांची मंजुळा आपल्या मास्तरांना खडसावत होती आणि नाट्यगृहं टाळ्यांनी भरत होती.