‘मूळ इंजिन’ म्हणजे कोणते? जावा, खारा वारा आणि ओव्हरसाइज पिस्टन

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनाच्या नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी, अशी ही व्याख्या आहे.

ती वाचताना संग्रहालयातली काचेआडची गाडी डोळ्यांसमोर उभी राहते. मालवण किनाऱ्यावरील एखाद्या घराच्या पडवीत, गोणपाटावर सुटे करून मांडलेले मोटारसायकलचे इंजिन मात्र समोर येत नाही. वास्तविक त्या काळच्या गाड्यांचे आयुष्य वाढले ते अशा पडव्यांत आणि रस्त्याकडेच्या गॅरेजांत. मग पन्नास वर्षांत तीनदा उघडलेले इंजिन ‘मूळ’ म्हणावे की नाही? उत्तरासाठी जावाच्या इतिहासात शिरावे लागते.

जावा हे नाव १९२९ चे. चेक उद्योजक फ्रांतिशेक यानेचेक यांनी जर्मन वाँडरर कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क विकत घेतले. यानेचेकमधले ‘जा’ आणि वाँडररमधले ‘वा’ मिळून जावा. (चेक उच्चार ‘यावा’, भारतात तो कोणी केला नाही.) दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या अभियंत्यांनी गुपचूप एक नवी २५० सीसी गाडी घडवली आणि १९४६ च्या पॅरिस प्रदर्शनात ती जगापुढे आणली. तिच्या पुढच्या पिढीतली ‘३५३’ ही भारतीय जावाची आई.

मुंबईचे रुस्तम आणि फारुख इराणी हे या गाड्यांचे आयातदार. १९५० च्या दशकात आयातीवरचे निर्बंध कडक होत गेले, तेव्हा त्यांनी म्हैसूरला ‘आयडियल जावा’ कंपनी काढली. १९६१ पासून तेथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात टाकीवरचे जावा हे नाव जाऊन ‘येझदी’ आले, मात्र इंजिनाचा वंश तोच राहिला.

त्या काळी भारतीय ग्राहकापुढे पर्याय मोजकेच होते. मद्रासची एन्फील्ड बुलेट १९५५ पासून, फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सची राजदूत १९६२ पासून आणि मधे ही जावा. किती गाड्या बनवायच्या तेही सरकारी परवान्याने ठरे. मोडली म्हणून गाडी टाकून नवी घेणे सामान्य माणसाच्या विचारातही येत नसे. गाडी मोडली की ती बांधायची, एवढेच. गॅरेजच्या भाषेत आजही इंजिन ‘बांधतात’.

जावाचे इंजिन या संस्कृतीसाठीच बनवल्यासारखे होते. एकच सिलिंडर, ६५ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, सुमारे १२ अश्वशक्ती. दोन सायलेन्सर पाहून अनेकांना ते दोन सिलिंडरांचे वाटे, पण धूर बाहेर काढणाऱ्या वाटा तेवढ्या दोन होत्या. बुलेटसारखे व्हॉल्व्ह, कॅम, टॅपेट काही नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट हे तीनच मुख्य हलते भाग. सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टन स्वतःच वर-खाली होताना उघडतो आणि मिटतो. किक मारण्याचा दांडा पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा होतो. यांत्रिक काटकसरीचा एवढा सुबक नमुना त्या काळच्या भारतीय रस्त्यावर दुसरा नव्हता.

पण खरी गोष्ट आहे ओव्हरसाइज पिस्टनची.

सिलिंडर झिजतो, हे कारखान्याने गृहीतच धरलेले असते. झिजला की आतून किंचित मोठा कापायचा, म्हणजे ‘रिबोअर’ करायचा, आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवायचा. यासाठी मूळ मापापेक्षा पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर मोठे पिस्टन बाजारात मिळत. म्हणजे ६५ चा बोअर ६५.२५ झाला, पुढे ६५.५० झाला, तरी तो आराखड्याबाहेर गेला नाही. इंजिनाला किती पुनर्जन्म घेता येतील याचा हिशेब रेखाटणाऱ्यानेच आधी मांडून ठेवला होता.

सिंधुदुर्गात हा हिशेब लवकर संपतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. जावाचा सिलिंडर बिडाचा, हेड आणि क्रँककेस ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, तर बीड सरळ गंजते. त्यातून गाडीचा मालक चाकरमानी असेल तर ती गणपती आणि मे महिना सोडून पडवीत उभीच. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन जिथे थांबेल त्यानुसार एखादी खिडकी उघडी राहते आणि दमट हवा सायलेन्सरमार्गे आत शिरते. दोन पावसाळे गेले की रिंगा सिलिंडरला चिकटतात. धावून जाम झालेल्या इंजिनांइतकीच उभ्या उभ्या जाम झालेली इंजिने या किनाऱ्याच्या वाट्याला येतात.

अशा इंजिनाला पहिला इलाज म्हणजे धीर. प्लग काढून आत रॉकेल आणि ऑइलचे मिश्रण ओतायचे आणि चार-आठ दिवस त्याला हात लावायचा नाही. किकवर उड्या मारणाऱ्याच्या हाती वाकलेला रॉड येतो.

सिलिंडर निघाला की नवशिक्याचे लक्ष पिस्टनकडे जाते. जाणता मिस्त्री मात्र आधी क्रँकशाफ्टच्या दोन टोकांची ऑइल सीले पाहतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा नुसता खोका नसतो, तो पंप असतो. पेट्रोल आणि हवा आधी त्यात ओढली जाते, तिथे दाबली जाते आणि मग वर जाते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत सीलांचे रबर कडक होते. डायनामोच्या बाजूचे सील गेले तर जादा हवा आत घुसते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि नवा रिबोअरही पहिल्याच चढणीला जाम होतो. क्लचच्या बाजूचे गेले तर इंजिन गिअरचे ऑइल पिऊ लागते आणि मागे पांढऱ्या धुराचा पडदा उभा राहतो. काही रुपयांच्या रबरी चकतीपायी हजारोंचे काम वाया जाते, तेही चकती बदलायला क्रँककेस दुभंगावे लागते म्हणून कंटाळा केला तर!

मालवण, देवबाग, आचरे, वेंगुर्ले या पट्ट्यात हे ज्ञान मोटारसायकलीपुरते नाही. छोट्या होड्यांवरची आउटबोर्ड इंजिनेही बहुतांशी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल, काजळीने बुजणाऱ्या खिडक्या, खाऱ्या हवेने खाल्लेले नट हे सगळे ज्या हातांना होडीवर कळते, त्यांना जावा परकी नसते.

घरी काय होऊ शकते आणि काय नाही, याची सीमाही स्पष्ट आहे. क्रँककेसमध्ये बेअरिंग घरी बसते. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगते, म्हणून केस उकळत्या पाण्यात तापवायचे, बेअरिंग बर्फात गार करायचे, आणि ते हातोडीवाचून जागेवर उतरते. बर्फाची तर मासळीच्या बंदरात वाण नाही. पण रिबोअरला यंत्र लागते. क्रँकशाफ्ट दाबून जोडलेला असल्याने त्याचा रॉड बदलायला प्रेस लागतो आणि नंतर त्याची दोन्ही टोके मिलिमीटरच्या काही शतांशांत एका रेषेत आणावी लागतात. हे काम पडवीत होत नाही. ते लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसाचे आहे. किनाऱ्यावरून घाट चढला की ओतकाम आणि लेथ यांवर उभे राहिलेले कोल्हापूर लागते. घरगुती इंजिनबांधणी ही अशी कधीच एकट्याची नव्हती.

१९८४ नंतर चित्र पालटले. इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज अशा हलक्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी वंशाच्या गाड्या दोन-तीन वर्षांत लागोपाठ आल्या. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. कामगारांशी तंटे, प्रदूषणाची नवी मानके, बदललेली बाजारपेठ अशी कारणे सांगितली जातात. खरे तर एकही कारण एकटे पुरेसे वाटत नाही.

त्यानंतर सुटे भाग दिल्लीच्या करोल बागेत, मुंबईच्या ऑपेरा हाऊस परिसरात किंवा मेलेल्या गाड्यांच्या पोटातून शोधावे लागले. पूर्वी नाइलाजाने होणारी बांधणी याच काळात छंद झाली. हौशी मंडळींनी जुलैतला दुसरा रविवार ‘जावा दिन’ ठरवला आहे. कोकणात तो ऐन आषाढाच्या सुमारास येतो, हे ठरवणाऱ्यांच्या ध्यानात नसावे.

आता पुन्हा कायद्याकडे. नोंदणीपुस्तकात इंजिनाचा क्रमांक असतो आणि तो कोरलेला असतो क्रँककेसवर. पिस्टन, रिंगा, रॉड, बेअरिंग, अगदी सिलिंडर बदलला तरी क्रमांक तोच. क्रँककेस बदलले की कागदावरचे इंजिनच बदलते. म्हणूनच तडा गेलेले केस, दुसरे मिळत असूनही, वेल्डिंग करून वाचवण्याची धडपड होते. या कसोटीने पाहिल्यास कारखान्याने आखून दिलेल्या मापात रिबोअर झालेले इंजिन मूळच ठरायला हवे. तो फेरबदल नसून दुरुस्ती आहे. नियमातील ‘मोठा फेरबदल’ हा शब्दप्रयोग या दोहोंतला फरक पुरेसा उघड करत नाही.

कागदांचीही एक गंमत आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यामुळे खऱ्या ‘जावा’ नावाच्या, म्हणजे आज पन्नाशी गाठलेल्या गाडीच्या मूळ पुस्तकात मालवणच्या मालकाचा पत्ता असला, तर त्यापुढे जिल्हा रत्नागिरीच असणार. एमएच-०७ ही मालिका पुष्कळ नंतरची.

व्हिंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण ५,००० रुपये, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरतीच तिला रस्त्यावर मुभा आहे. ज्याने पडवीत इंजिन बांधले ते कसालच्या बाजाराला जाता यावे म्हणून, त्याला साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी पुढे चालवणे सोयीचे. तपासणीसाठी ओरोसला गाडी न्यायची आणि अधिकाऱ्यासमोर क्रँककेसवरची काजळी पुसून क्रमांक दाखवायचा.