स्टुटगार्टला दिलेला शब्द

तुमची पाळी आली, पुढे व्हा. बेल्जियममधल्या खाणवस्तीचं हे नगरगृह आहे, साल १८८६. टेबलावर एक पिंप ठेवलंय आणि त्यात चिठ्ठ्या आहेत. हात घालायचा, एक उचलायची आणि समोरच्या अधिकाऱ्याला द्यायची. तो आकडा मोठ्याने वाचेल. मोठा निघाला तर सुटलात. लहान निघाला तर पुढची काही वर्षं पलटणीत.

तुमच्या मागे कारखानदाराचा मुलगा उभा आहे आणि त्याला कसलीच धाकधूक नाही. त्याचा आकडा लहान निघाला तरी बाप पैसे मोजून त्याच्या जागी बदली माणूस पाठवेल. कायद्यानेच तशी सोय करून ठेवली आहे. हा बदली माणूस कुठून येतो, हे तुमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे.

तुमचा आकडा लहान निघाला.

मार्च उजाडतो. लिएजपासून शार्लरुआपर्यंत खाणी आणि काचकारखाने बंद पडतात. सरकार संपकऱ्यांवर सैन्य घालतं. शार्लरुआजवळच्या रू गावात गोळ्या सुटतात, माणसं पडतात. बंदूक धरलेला पोरगा आणि तिच्यासमोर उभा असलेला पोरगा यांचे बाप कदाचित एकाच खाणीत उतरत असतील. डाव्या युवक चळवळीचा उगम शोधताना अभ्यासक ग्रंथ उघडतात. मला तो या पिंपाशी सापडतो. याच काळात बेल्जियन कामगारांची पोरं ‘तरुण पहारा’ नावाने मंडळं काढायला लागली. पुढे त्यांनी दोन पत्रकं चालवली. एक चिठ्ठीत नाव निघालेल्यांसाठी, दुसरं बराकीतल्या शिपायांसाठी. दोन्हींतून एकच विनवणी होती: आपल्या माणसांवर बंदूक रोखू नका.

आता बर्लिनला या. जून १९०४. कुलपं बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करणारा एक पोरगा ग्रुनेवाल्डच्या रानात गळफास लावलेला सापडलाय. अंगावर माराचे वळ आहेत. उमेदवार पोराला मालकाने मारणं तेव्हा शिकवणीचाच भाग समजलं जाई. काम पहाटेपासून रात्रीपर्यंत, आणि त्यातलं निम्मं मालकिणीच्या घरचं. त्या शरद ऋतूत बर्लिनमधली उमेदवार पोरं एकत्र येऊन संघटना काढतात. तुम्हीही त्या खोलीत आहात. नियमावली वाचली जाते आणि तिच्यात राजकारणाचा शब्द नाही. तो घालता येत नाही, कारण प्रशियाच्या कायद्याने राजकीय संघटनेत तिघांना मज्जाव आहे: बायका, शाळकरी मुलं आणि उमेदवार.

त्याच वर्षी दक्षिणेला मानहाइममध्ये लुडविग फ्रांक नावाचा तरुण वकील कामगार पोरांची दुसरी संघटना उभी करतो. आम्स्टरडॅमच्या समाजवादी अधिवेशनात त्याने बेल्जियन पोरांचं काम ऐकलेलं असतं. फ्रांकचं नाव लक्षात ठेवा.

गुरुवार, २२ ऑगस्ट १९०७. तुम्ही स्टुटगार्टला पोहोचलात. समाजवादी पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, दुसऱ्या इंटरनॅशनलचं, अधिवेशन भरलंय. बेबेल, झोरेस, रोझा लक्झेंबर्ग असे नेते सभागृहात आहेत. रशियन प्रतिनिधींमध्ये लेनिन आहे, आणि त्याला अजून फारसं कुणी ओळखत नाही. आपल्या वाचकाला इथे थांबावंसं वाटेल असं कारण आहे. साडी नेसलेली एक बाई व्यासपीठाकडे निघाली आहे. भिकाजी कामा, जन्म मुंबईचा. प्लेगच्या साथीत मुंबईत रुग्णसेवा करता करता त्या स्वतःच आजारी पडल्या आणि प्रकृतीसाठी युरोपात आल्या. बोलता बोलता त्या एक झेंडा उलगडतात. हिरवा, केशरी आणि लाल, मधोमध देवनागरीत ‘वंदे मातरम्’. तो झेंडा पुढे इंदुलाल याज्ञिकांनी हिंदुस्थानात आणला आणि आज पुण्यात केसरीवाड्यात आहे. नारायण पेठेतून जाताना आत शिरून पाहा. ज्या आठवड्यात तो फडकला, त्याच आठवड्यात त्याच गावात या कामगार पोरांचीही जगभराची संघटना जन्मली, आणि ती आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही.

मोठ्यांची गर्दी ओसरली की तुम्हाला छोट्या बैठकीला जायचंय. २४ ते २६ ऑगस्ट, तेरा देशांचे वीसेक प्रतिनिधी. इथे हेन्रिएट रोलंड होल्स्ट ही डच कवयित्री आहे, बेल्जियमचा हेंड्रिक दे मान आहे, आणि समोर जर्मनीचा छत्तीस वर्षांचा कार्ल लीबक्नेश्ट. त्याचं ‘लष्करशाही आणि लष्करशाहीविरोध’ हे पुस्तक जप्त झालंय आणि राजद्रोहाचा खटला डोक्यावर आहे. दोन महिन्यांत त्याला दीड वर्षाची किल्लेकैद होणार आहे. तरी तो इथे तेच बोलतो. लष्कराची दोन कामं तो सांगतो: एक बाहेरच्या शत्रूसाठी, दुसरं घरातल्या कामगारासाठी. आणि दोन्हीकडे मरायला तरुणच लागतात. म्हणून बराकीत शिरायच्या आधी त्यांच्याशी बोललं पाहिजे.

बोलणं कारखान्यातल्या पिळवणुकीवर होतं, शिक्षणावर होतं. शेवटी समाजवादी युवक संघटनांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन होते. मोठ्यांनी आपल्या अधिवेशनात ठराव केलाय: युद्ध टाळण्यासाठी जमेल ते सगळं करू, आणि तरीही ते पेटलंच तर ते लवकर संपवायला झटू. पोरांनी तो शब्द मनावर घेतला. पुढच्या सगळ्या घडामोडींचं मूळ त्यात आहे.

पुढच्या वर्षी जर्मन सरकार नवा कायदा आणतं. अठरा वर्षांखालच्यांना राजकीय संघटनेत जाता येणार नाही, राजकीय सभेला बसताही येणार नाही. जर्मन समाजवादी पक्ष फार खळखळ करत नाही. स्वतंत्र युवक संघटना गुंडाळल्या जातात आणि पोरांचं काम पक्ष व कामगार संघटनांच्या देखरेखीखाली येतं. त्या मध्यवर्ती कचेरीचा प्रमुख असतो फ्रीडरिश एबर्ट. आंतरराष्ट्रीय कचेरी व्हिएन्नात रॉबर्ट डानेबर्ग सांभाळतो. कोपनहेगन, बाझेल इथे परिषदा होतात. पुढची व्हिएन्नात, ऑगस्ट १९१४ मध्ये, भरायची आहे.

४ ऑगस्ट १९१४, बर्लिनची संसद. युद्धखर्चाच्या मंजुरीसाठी समाजवादी पक्षाचे खासदार एकगठ्ठा उभे राहतात. तुम्ही प्रेक्षकांच्या सज्जातून पाहताय. त्यांच्यात फ्रांक आहे. लीबक्नेश्टही आहे. पक्षाच्या बैठकीत त्याने विरोध केला होता, पण शिस्तीखातर आज तोही मंजुरीच्या बाजूने मत देतो. ते मत त्याला पुढे फार टोचलं असणार, कारण डिसेंबरात पुन्हा मतदान होतं तेव्हा तो सगळ्या सभागृहात एकटा विरोधात जातो.

फ्रांकने वेगळी वाट धरली. त्याच्यावर सक्ती नव्हती. चाळिशीचा खासदार आपणहून भरती झाला आणि ३ सप्टेंबरला लोरेनच्या आघाडीवर मारला गेला. कामगारांनी देशासाठी रक्त सांडलं तर देश त्यांना बरोबरीचे हक्क देईल, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याला भेकड किंवा फितूर म्हणणं मला पटत नाही. पण त्याने मानहाइममध्ये गोळा केलेली पोरं आता विशीपार गेली होती आणि त्याच्यामागून खंदकांकडे निघाली होती. हे माझ्या मनातून जात नाही.

ईस्टर, ४ एप्रिल १९१५. बर्नच्या फोक्सहाउसमध्ये शिरा. व्हिएन्नाची कचेरी परिषद बोलवायला तयार नव्हती. म्हणून झुरिचच्या एका पंचविशीतल्या पोराने आपल्या जोरावर ती बोलावली. विली म्युन्झेनबर्ग, एरफुर्टच्या जोड्यांच्या कारखान्यात राबलेला आणि झुरिचच्या औषधांच्या दुकानात हरकाम्या म्हणून नोकरी केलेला. टेबलाभोवती जेमतेम चौदा-पंधरा माणसं आहेत. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, इटली, बल्गेरिया, रशिया, स्वित्झर्लंड. जर्मनीहून एबर्टच्या कचेरीचं कुणी नाही. आले आहेत ते काही शहरांतल्या बंडखोर मंडळांचे प्रतिनिधी. हे सीमा ओलांडून कसे आले आणि परत कसे जाणार, हे त्यांना विचारू नका.

नीट ऐका, कारण एकमेकांशी लढणाऱ्या देशांची तरुण माणसं इथे एकाच टेबलाशी बसली आहेत. अँजेलिका बालाबानोव्हा या भाषेतलं त्या भाषेत सांगते आहे. सगळं गोडीगुलाबीने चाललंय असं समजू नका. लेनिनच्या गटाच्या, म्हणजे बोल्शेविकांच्या, बाजूने इनेसा आर्मांद आली आहे. नुसता शांततेचा ठराव तिला नको, मोठ्या पक्षांशी उघड फारकत हवी. लेनिन याच गावात राहतो आणि तिच्यामागे त्याचाच हात आहे, हे खोलीत सगळे ओळखून आहेत. मतदानाच्या पद्धतीवरून तंटा होतो. रशियन उठून निघून जातात. मनधरणी होते, ते परत येतात, आणि ठराव बहुमत म्हणेल तसाच होतो. यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या पोरांनी लेनिनचं ऐकून घेतलं, पण ऐकलं नाही.

तीन दिवसांत ते काय उभं करतात पाहा. कचेरी झुरिचला, सचिव म्युन्झेनबर्ग. ‘युगेंड-इंटरनॅशनाले’ नावाचं नियतकालिक, पहिला अंक सप्टेंबरात, आणि त्यात लीबक्नेश्टचा लेख. दर वर्षी एक आंतरराष्ट्रीय युवक दिन, पहिला ३ ऑक्टोबर १९१५ ला. नियतकालिकाच्या प्रती चोरून जर्मनीत जातात. प्रत जवळ सापडली तर तुरुंग, आणि वय बसत असेल तर थेट आघाडी.

वर्षभराने पुन्हा ईस्टर. येना शहरातल्या शाकाहारी खानावळीत काही तरुण सुट्टीच्या सहलीला आल्यासारखे जमलेत. लष्करात बळजबरीने घातलेला लीबक्नेश्ट नजर चुकवून तिथे पोहोचलाय. युद्धविरोधाचा ठराव त्यानेच लिहून आणलाय. आठवड्याभराने, १ मे १९१६ ला, तुम्ही बर्लिनच्या पोट्सडामर प्लाट्झवर उभे आहात आणि त्या गर्दीत कोवळी पोरं-पोरी पुष्कळ आहेत. तो ओरडतो, युद्ध मुर्दाबाद, सरकार मुर्दाबाद. पोलीस त्याला उचलतात.

त्याच आठवड्यात ब्राउनश्वाइगला चला. याच्याविषयी कमी लिहिलं गेलंय आणि माझ्या मते ते जास्त मोठं आहे. तुम्ही सोळा वर्षांचे, दारूगोळ्याच्या कारखान्यात. बाप आघाडीवर, घर तुमच्या मजुरीवर चालतंय. लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूम काढलाय: तरुण कामगारांना ठरावीक रकमेपर्यंतच पगार हातात मिळेल, बाकीचा बचत खात्यात सक्तीने जमा होईल. कारण काय, तर पोरं सिगारेटी आणि सिनेमात पैसे उडवतात. शनिवारी पाकीट उघडलंत आणि आईला द्यायचे पैसेच त्यात कमी आहेत. तुम्ही काम बंद करता. शेजारचा कारखाना बंद होतो, त्याच्यापलीकडचाही. दीडेक हजार पोरं-पोरी रस्त्यावर येतात. भर युद्धात, लष्करी अंमल असताना. मोठे कामगारही बाहेर पडतील अशी चिन्हं दिसताच हुकूम मागे घेतला जातो. जर्मन सेनापतींना त्या वर्षी माघार घ्यायला लावणारी माणसं फार नव्हती. त्यांत ही मिसरूड न फुटलेली पोरं होती.

नोव्हेंबर १९१९, युद्ध संपलंय. बर्लिनमधला नॉयकॉल्न भाग, बिअरच्या गुत्त्यामागची अंधारी खोली. लीबक्नेश्टचा खून होऊन दहा महिने झालेत. सरकार त्याच एबर्टचं आहे. पोलिसांच्या भीतीने परिषद या जागेवरून त्या जागी हलते आहे. इथे संघटना नवं नाव घेते: कम्युनिस्ट युवक आंतरराष्ट्रीय. ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांची समाजवादी युवक आंतरराष्ट्रीय १९२३ मध्ये हाम्बुर्गला उभी राहिली. आजची समाजवादी युवक संघटना आपला इतिहास १९०७ च्या स्टुटगार्टपासूनच मोजते.

नॉयकॉल्नच्या खोलीत एक वाद तुम्ही नीट ऐका. आपण कम्युनिस्ट पक्षांचे मित्र असू की त्यांच्या आज्ञेतले? जे बर्नला आले होते त्यांना हा प्रश्न लागतो, कारण पक्षाची आज्ञा पाळली असती तर बर्न झालंच नसतं. १९२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी काँग्रेस येनात भरते, पोलिसांमुळे बर्लिनला हलते. मग मॉस्कोहून निरोप येतो: तिथे घेतलेले निर्णय धरायचे नाहीत, काँग्रेस मॉस्कोत घ्या. जुलैमध्ये ती तिथे होते. संघटना राजकीयदृष्ट्या पक्षाच्या हाताखाली जाते, कचेरी मॉस्कोला जाते, म्युन्झेनबर्गला नेतृत्वावरून काढून रशियातल्या दुष्काळासाठी मदत जमवायला लावलं जातं.

बर्नला लेनिनच्या माणसांसमोर ताठ बसलेली संघटना ही होती. सहाच वर्षांत तिने आपला आवाज हातचा घालवला. ज्या रशियन क्रांतीने युद्धातून माघार घेतली तिच्यावर त्यांचा जीव होता, हे मी समजू शकतो. पण ज्या बळावर त्यांनी १९१५ मध्ये आपल्या मोठ्यांना नाही म्हटलं, तेच बळ त्यांनी नव्या मोठ्यांच्या हवाली केलं. १९३० च्या दशकात मॉस्कोने दिलेल्या एकामागून एक उलटसुलट वळणांवर हे युवक निमूट वळत राहिले. स्टालिनशी बिनसलेल्या म्युन्झेनबर्गचा मृतदेह १९४० मध्ये फ्रान्समधल्या रानात सापडला. व्हिएन्नाची कचेरी सांभाळणारा डानेबर्ग १९४२ मध्ये आउश्वित्झला मारला गेला. कम्युनिस्ट युवक आंतरराष्ट्रीयची शेवटची काँग्रेस १९३५ ला भरली होती. १९४३ मध्ये मॉस्कोने कम्युनिस्ट पक्षांची आपली आंतरराष्ट्रीय संघटना बरखास्त केली, तेव्हा हीही तिच्याबरोबर गेली. या वेळी पोरांना विचारायला कुणी कुठे परिषद बोलावली नाही.