पिसोरीची कैफियत

सह्याद्रीच्या गर्द रानात आणि विदर्भाच्या जंगलपट्ट्यात पिसोरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राण्याची खांद्यापाशी उंची जेमतेम एक फूट आणि वजन सुमारे तीन किलो. नराला शिंगे नाहीत, मादीलाही नाहीत. आणि शिंगांच्या लांबीवरून श्वापदांची प्रतवारी लावणाऱ्या शिकाऱ्यांच्या काळात या एका उणिवेपायी त्याच्या वाट्याला जी उपेक्षा आली, तिचे पडसाद शास्त्रज्ञांच्या आणि सरकारच्या दप्तरांतही दीर्घकाळ उमटत राहिले.

त्याच्या कुळाची एक जुनी युरोपीय नोंद सिंहलद्वीपातली आहे. कँडीच्या राजाच्या मुलखात १६६० पासून १६७९ पर्यंत अटकेत राहिलेला रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज दर्यावर्दी निसटून मायदेशी पोहोचला आणि १६८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्याने सशाएवढ्याच, पण हुबेहूब हरणासारख्या, करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या ‘मेमिन्ना’चे वर्णन केले. याच सिंहली नावाचा आधार घेऊन अर्क्सलेबेन या जर्मन पंडिताने १७७७ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले, परंतु त्याची गणना केली ती कस्तुरीमृगांत. कारण दोघांनाही शिंगे नसतात आणि दोघांच्याही नरांना लांब सुळे असतात, एवढे साम्य त्या काळी पुरेसे वाटले. वस्तुतः पिसोरीच्या देहात कस्तुरीची ग्रंथी मुळीच नसते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्स याने १८६४ साली या दोन्ही कुळांच्या अंतर्रचनेची बारकाईने तुलना केली, तेव्हा कोठे हा घोटाळा निस्तरला.

त्या तुलनेतून जे निष्पन्न झाले ते मला फार मोलाचे वाटते. चितळ, सांबर, भेकर यांच्या जठराचे चार कप्पे असतात. पिसोरी त्यांच्याप्रमाणेच रवंथ करते, परंतु तिच्या जठराचा तिसरा कप्पा जवळजवळ वाढलेलाच नसतो. तिच्या प्रत्येक पायाला चार पूर्ण बोटे असतात. नराची कवटी हाती घेऊन पाहावी, तर शिंगांची खुंटे जेथे असावयाची तेथे हाड गुळगुळीत असते, आणि वरच्या ओठाआडून मात्र मागे वळलेले दोन बारीक, टोकदार सुळे उतरलेले दिसतात. म्हणजे काटेकोर बोलावयाचे तर पिसोरी हे हरीणच नव्हे. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या वंशातून फार पूर्वी वेगळ्या झालेल्या शाखेची ती वारसदार असून, तिच्या प्राचीन भाऊबंदांचे जीवाश्म शिवालिकच्या थरांत सापडलेले आहेत. इतक्या जुन्या घराण्याचा जीव आपल्या घाटमाथ्याच्या पाचोळ्यात अजून नांदतो, याचे कौतुक आपल्याकडे व्हावे तितके झाले नाही.

महाराष्ट्रापुरता तिचा लिखित इतिहास कर्नल साइक्सपासून धरावा. मुंबई सरकारने दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी जमविण्याच्या कामी त्याची नेमणूक केली होती. पिके, वस्ती, महसूल यांची टिपणे घेता घेता त्याने येथील पशुपक्षीही नोंदले, आणि १८३१ च्या आपल्या प्राणिसूचीत पिसोरी हे मराठी नाव नमूद करून, हा प्राणी घाटाच्या दाट रानात पुष्कळ आढळतो, मैदानात मात्र कधीच दिसत नाही, असा अभिप्राय लिहून ठेवला. पुढे १८५२ मध्ये ग्रे या प्राणिशास्त्रज्ञाने भारतातील पिसोरीला स्वतंत्र नाव दिले, परंतु ते मागे पडले आणि भारत व सिंहल येथील सारे प्राणी शंभराहून अधिक वर्षे एकाच जातीत कोंबले गेले. २००५ साली ग्रोव्हज आणि मायजार्ड यांनी ती मोट सोडून तीन जाती वेगळ्या काढल्या: एक भारतातली, एक लंकेच्या कोरड्या प्रदेशातली आणि एक तेथल्याच ओल्या अरण्यातली, पिवळसर पट्ट्यांची.

पिसोरी निशाचर आणि एकलकोंडी आहे. दिवसा ती झाडाच्या ढोलीत किंवा खडकांच्या कपारीत दडून राहते, आणि अंगावरच्या ठिपक्यांच्या रांगा पाचोळ्यावर पडलेल्या कवडशांत अशा मिसळून जातात की दहा हातांवरूनही नजर फसावी. भिंतीवर टांगण्याजोगे तिच्यापाशी काही नसल्याने बंदुकवाल्यांनी तिचा नाद केला नाही, पण फासे, शिकारी कुत्री आणि उन्हाळ्यातले वणवे यांनी तिला कधी सोडले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसविले. धोक्यातील प्राण्यांच्या जागतिक सूचीत ती अद्याप कमी चिंतेच्या वर्गात आहे, आणि त्या शब्दांनी वनखात्याने निर्धास्त व्हावे हे मला मान्य नाही. कारण रात्री लपतछपत वावरणाऱ्या जीवाची घट मोजदादीत उमटेपर्यंत रान हातचे गेलेले असते.

तेलंगणाने मात्र हालचाल केली. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात २०१० पासून, तेथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या साह्याने, पिसोरीची पैदास सुरू झाली आणि २०१७ साली तेथे वाढलेल्या पिसोऱ्या नल्लमलच्या डोंगरांतील अमराबाद व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आल्या. एकदम मोकळ्या रानात नव्हे, तर प्रथम जंगलातच घातलेल्या कुंपणात, सवय होईपर्यंत. कोयना-चांदोलीच्या रानांत पिसोरी अजून मूळचीच आहे. तेथे पैदास केंद्रापेक्षा अधिक निकड आहे ती पोकळ झालेली जुनी झाडे आणि उन्मळून पडलेले ओंडके जागच्या जागी राहू देण्याची, व उन्हाळ्याआधी जाळरेषा वेळेवर काढण्याची.