सणाचं पुस्तक, कुणासाठी?

सणाला पुस्तक भेट द्यावं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कोणतं द्यावं, असं विचारलं की बहुतेक जण स्वतःला आवडलेल्या पुस्तकाचं नाव सांगतात. साडी घेताना आपण नेसणारीचं वय आणि तिचा आवडता रंग बघतो. पुस्तक घेताना मात्र आपली आवड दुसऱ्याच्या माथी मारतो. घेणारा बिचारा 'वा, छान' म्हणतो आणि पुस्तक काचेच्या कपाटात जातं.

मराठीत वाचणाऱ्याकडे बघून सणाचं वाचन तयार करणारा एक माणूस शंभराहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला. काशिनाथ रघुनाथ आजगावकर. महाराष्ट्र त्यांना का. र. मित्र या नावाने ओळखतो. बंगाली साहित्याच्या ओढीने ते ती भाषा शिकले आणि 'मित्र' हे बंगाली वळणाचं नावही त्यांनी घेतलं. १८९५ साली त्यांनी मुंबईत 'मनोरंजन' मासिक सुरू केलं. तिकडे विलायतेत नाताळ आणि वाचन यांची जोडी जुनी. डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' १८४३ च्या नाताळाच्या तोंडावर आलं होतं, आणि इंग्रजी मासिकं नाताळचे खास अंक काढीत. त्या धर्तीवर मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. मराठी दिवाळी अंकांची परंपरा आपण तिथूनच मोजतो.

कल्पना उसनी होती, हे खरं. पण ती कुठल्या घरात आणली, ते पाहा. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानातल्या शंभर स्त्रियांमागे जेमतेम एक साक्षर होती, आणि पुरुषांमध्येही शंभरात दहा-अकरा. म्हणजे अंक घरात आला की वाचणारा एक आणि ऐकणारे चार, अशीच स्थिती असणार. अशा घरासाठी एकाच अंकात कथा हवी, कविता हवी, माहिती हवी आणि चित्रंही हवीत. 'मनोरंजन'ने स्त्रियांच्या लेखनाला जागा दिली, बालकवी आणि गोविंदाग्रज छापले, वि. सी. गुर्जरांच्या गोष्टी छापल्या. जिला नुकतंच वाचता येऊ लागलं आहे, अशी घरातली सूनही मित्रांनी आपली वाचक मानली. मला यात त्यांचं खरं मोठेपण वाटतं.

पुढे वाचणारे वाढले तसा हा एक अंक फुटत गेला. अनंत अंतरकरांनी १९४६ साली 'हंस' काढला. 'मोहिनी' आणि 'नवल' हीही त्यांचीच अपत्यं. ज्याला भुताखेताची, अद्भुताची ओढ, त्याच्यासाठी 'नवल'. मधुकर पाटकरांचा 'आवाज' १९५१ चा. त्यातली खिडकी-चित्रं थोरांसमोर उघडायची चोरी असे, म्हणून तर ती सगळ्यांनी पाहिलेली असत! गंभीर वाचकासाठी 'मौज', बायकांसाठी 'स्त्री', 'माहेर', 'मेनका'. मुलांचं पान मात्र बराच काळ मोठ्यांच्या पंगतीच्या कडेला राहिलं. 'बालभारती'ने 'किशोर' सुरू केला तो १९७१ साली, आणि त्याचा पहिलाच अंक दिवाळीचा होता.

कोणता अंक कुणाला, हे खऱ्या अर्थाने कुणी ओळखलं असेल तर ते गल्लीतल्या खाजगी वाचनालयवाल्यांनी. दिवाळीत ठरावीक पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने एकेक अंक घरी न्यायचा, ही योजना आजही कित्येक गावांत चालते. काउंटरवरचा माणूस चेहरा बघूनच अंक काढून ठेवतो.

आमच्या भिवंडीतल्या घरी अंक विकत येत नसे. तो शेजारून, फराळाच्या ताटाबरोबर यायचा. शेजारच्या काकू माझ्यासाठी 'किशोर' द्यायच्या आणि अम्मीसाठी पाककृतींची पानं असलेला एखादा अंक. अम्मीला मराठी बोलता येई, वाचता येत नसे. मी वाचून दाखवायचो. काकूंना हे ठाऊक होतं. म्हणूनच त्या जाड कादंबऱ्यांचे अंक कधी देत नसत. १९८४ च्या दंगलीनंतर ते कुटुंब कल्याणला राहायला गेलं. त्या वर्षी दिवाळीत फराळ आला नाही, पण अंक टपालाने आला. तेव्हा मी आठवी-नववीत असेन. या वेळी 'किशोर'ऐवजी कवितांची बरीच पानं असलेला अंक होता. मी वहीत काहीबाही लिहितो, हे काकूंनी कधी हेरलं, कोण जाणे. त्याच्या पुढच्या वर्षीही एक अंक आला.

भिवंडीत पुस्तक भेट द्यायचं तर आवडीच्याही आधी एक प्रश्न येतो: लिपी कोणती? यंत्रमागांनी या गावात निरनिराळ्या मुलखांतली माणसं आणली. उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकरांच्या घरात उर्दू, पद्मानगरात तेलुगू, कोकणी मुसलमानांच्या ओठांवर कोकणी वळणाची मराठी. एकाच घरात आजोबा उर्दू वाचतात, बाप हिंदी वर्तमानपत्र चाळतो आणि नात इंग्रजी शाळेत जाते. अशा घरात एकच पुस्तक नेलं तर ते एकाचंच होतं. मित्रांच्या काळात अडचण साक्षरतेची होती. आमच्याकडे अक्षरं सगळ्यांना येतात, पण प्रत्येकाची वेगळी.

जगात यावर नाना तोडगे निघाले आहेत. आइसलँडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयातीवर निर्बंध होते, पण कागद त्या मानाने मिळत होता. तिथल्या प्रकाशकांनी १९४४ पासून नव्या पुस्तकांची यादी काढायला सुरुवात केली, आणि नाताळच्या आदल्या रात्री पुस्तक देण्याची रीत पक्की झाली. यादी आधी घरोघर जात असे, म्हणजे घेणाराही खूण करून ठेवू शके. आपल्याकडे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. वाढदिवसाला लोक पैसे देतात, त्यातून पुस्तकांच्या पेट्या तयार होतात आणि त्या एका वाचकगटाकडून दुसऱ्याकडे फिरतात. पार दुबईपर्यंत त्या पोचल्या. इथे देणाऱ्याला वाचक ठाऊक नसतो; निवड वाचणाऱ्यावर सोडलेली असते. मला ही पद्धत आवडते. तरी काकूंच्या निवडीची सर तिला नाही, असंही वाटतं.

आता ईदचं. उर्दू वर्तमानपत्रं ईदचे खास अंक काढतात. मुंबईचं 'गुलबूटे', दिल्लीच्या मकतबा जामियाचं 'पयामे तालीम' अशी मुलांची मासिकंही निघाली. पण ईदी म्हणून पुस्तक द्यायची रीत आमच्यात फारशी रुजली नाही. ईदी म्हणजे करकरीत नोट. मुलांचंही बरोबर आहे, नोटेला लिपीची अडचण नाही! मी काही वर्षं नोटेबरोबर पुस्तक देऊ लागलो आहे. देण्याआधी घरच्यांना विचारतो, पोरगं कोणत्या शाळेत जातं आणि घरी मोठ्याने वाचून दाखवणारं कुणी आहे का. अजून वाचायला न शिकलेल्याला चित्रांचं पुस्तक. क्रिकेटवेड्याला क्रिकेटचंच, तिथे थोरामोठ्यांची चरित्रं नेऊ नयेत.

चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने ईद दरवर्षी मागे सरकते आणि सुमारे तेहतीस वर्षांनी पुन्हा दिवाळीजवळ येते. २००५ मध्ये दिवाळी १ नोव्हेंबरला होती आणि ईद ५ नोव्हेंबरला. २००६ मध्येही दोन्ही सण एकाच आठवड्यात आले. तेव्हा बाजारात एका पेपरवाल्याने दोरीवर दिवाळी अंक आणि उर्दू मासिकांचे ईदचे अंक शेजारी शेजारी टांगले होते. मी एक इकडचा घेतला, एक तिकडचा. उर्दू अंक अम्मीसाठी होता, आणि मराठी कल्याणच्या पत्त्यावर पाठवला.