फिरण्यासाठी पास लागणारे बेट

१/ मॉरिशसला गेलेला पर्यटक सकाळी पोर्ट लुईच्या बाजारात उभ्याउभ्या ढोलपुरी खातो, काही मिनिटे चालून आप्रवासी घाट पाहतो आणि दुपारी ल मॉर्नच्या डोंगराकडे निघतो. त्याला कोणी अडवत नाही. दीडशे वर्षांपूर्वी याच रस्त्यांवर असे मोकळे फिरणे भारतीय मजुरासाठी गुन्हा होता.

२/ बेटावर ऊस आणला डचांनी, पोर्ट लुई वसवले फ्रेंचांनी आणि १८१० मध्ये सत्ता आली ब्रिटिशांकडे. मळ्यांवर राबत होते ते आफ्रिका व मादागास्करहून आणलेले गुलाम. निसटलेले गुलाम ल मॉर्नच्या कड्यांत आश्रय घेत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. नुकसानभरपाई मिळाली ती मात्र मालकांना.

३/ त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर उतरले होते. पुढे १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय या बेटावर आले. करार साधारण पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा.

४/ आप्रवासी घाट म्हणजे पूर्वीचा ‘कुली घाट’. १८४९ मध्ये उभारलेल्या या तळावर मजुरांची नोंद होई आणि तेथूनच त्यांची मळ्यांवर रवानगी होई. बंदरातून वर चढणाऱ्या त्याच्या पायऱ्या आजही आहेत. २००६ पासून हे स्थळ जागतिक वारसा यादीत आहे. ल मॉर्नचा समावेश त्यानंतर दोन वर्षांनी झाला.

५/ मळ्यावर ‘डबल कट’ची पद्धत होती. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. आजारी पडलेल्या मजुराचे महिन्याचे गणित त्यामुळे सहज कोलमडत असे.

६/ करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने अशा ‘जुन्या’ मजुरांना छायाचित्र असलेले तिकीट जवळ बाळगणे सक्तीचे केले. जिल्हा ओलांडायचा तर पोलिसांचा पास हवा. पासाविना दुसऱ्या जिल्ह्यात सापडलेल्या माणसाला भटक्या ठरवून अटक होई. जाच नकोसा झालेला माणूस पुन्हा मळ्याशी करार करी. मळेवाल्यांना हवे होते तेही हेच.

७/ १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नर आर्थर गॉर्डन यांच्याकडे अर्ज केला. तो तयार करण्यास आदोल्फ द प्लेविट्झ या मळेवाल्यानेच साहाय्य केले आणि त्यापायी स्वतःच्या वर्गाचा रोष ओढवून घेतला. पुढच्या वर्षी शाही आयोग बेटावर आला. १८७५ च्या त्याच्या अहवालाने मजुरांच्या तक्रारींत तथ्य असल्याचे दाखवले आणि १८७८ मध्ये कामगार कायदा बदलला.

८/ बहुसंख्य मजूर कलकत्ता व मद्रास बंदरांतून आले, तरी मुंबईहूनही जहाजे सुटत. त्यांतून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तेथे गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीचे नाते सांगणारी ‘झाकरी’ तेथील मराठी समाजाने जपली आहे.

९/ आता पुन्हा बाजारातल्या त्या पुरीकडे. भोजपुरी मुलुखातली दालपुरी क्रिओल बोलीत ‘ढोलपुरी’ झाली. आत डाळीचे सारण, वर घेवड्याची रस्साभाजी आणि टोमॅटोचा ‘रुगाय’. ती मागायची जोडीने आणि मिळते कागदात गुंडाळून. शेजारी ‘आलुदा’ मिळतो. त्यातला सबजा पाहताच मराठी पाहुण्याला आपला फालुदा आठवतो. मजुरांच्या घरातला हा पदार्थ आज क्रिओल, चिनी, मुसलमान, तमिळ असे सारेच रस्त्यात उभे राहून खातात.

१०/ मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या आणि मजुरांची छायाचित्रे जतन केली आहेत. माणसाला जिल्ह्याबाहेर पडू न देण्यासाठी काढलेली ती छायाचित्रे. आज त्यांचेच वंशज तेथे येतात आणि आपल्या पणजोबांचा चेहरा प्रथमच पाहतात.