वऱ्हाडातलं रान कोरडं कसं झालं? लोणारचा गाळ आणि पूर्णेची माती

अकोला आणि अमरावतीच्या सपाट भागात धुऱ्यावर बाभूळ, हिवर, बोर आणि पडीक जागेत कुसळी गवत दिसतं. चिखलदऱ्याचा घाट चढला की सागाचं रान लागतं. सपाटीवर वर्षाला साधारण 750 ते 850 मिलिमीटर पाऊस पडतो, मेळघाटच्या उंच भागात त्याहून कितीतरी जास्त. झाडोऱ्यातला बराचसा फरक त्यामुळे आहे. पण पावसाचं हे मान कायमचं नाही. गेल्या 11 हजार वर्षांत ते अनेकदा बदललं आणि त्याबरोबर रानही बदललं.

याचा सगळ्यात चांगला पुरावा वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरात आहे. उल्केच्या आघाताने झालेलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. त्यातून पाणी बाहेर वाहून जात नाही, त्यामुळे काठावरची माती, पानं आणि परागकण तळाशी थरावर थर साचत राहतात. भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी इथून सुमारे 10 मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला. त्याचा अभ्यास 2014 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. सगळ्यात खालचा थर जवळपास 11 हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे हिमयुग नुकतंच सरत होतं तेव्हाचा.

गाळातून झाडं कशी ओळखतात? परागकणांचं कवच फार टणक असतं, ते हजारो वर्षं कुजत नाही. दुसरी खूण पानावरच्या मेणाची. झाडं, वेली आणि आपली पऱ्हाटी हवेतला कार्बन एका पद्धतीने घेतात. ज्वारी आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवतं दुसऱ्या पद्धतीने. गवतांत जड कार्बनचं प्रमाण जास्त राहतं. म्हणून थरातल्या कार्बनचं मोजमाप केलं की त्या काळी काठावर झाडी दाट होती की गवत पसरलं होतं, याचा अंदाज येतो. आता तळ्याकाठी उभ्या असलेल्या झाडांचे परागकण गाळात कितपत उतरतात, हेही वेगळं तपासलं गेलं. तशी तुलना नसती तर जुन्या थरांचा अर्थ लावणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

थरांवरून दिसतं ते असं. हिमयुग संपल्यावर मान्सून जोरात आला आणि काही हजार वर्षं चांगला राहिला. मग हळूहळू ओसरला. सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वी आणि पुन्हा 2,000 ते 600 वर्षांपूर्वी दीर्घ कोरडे काळ आले. या थरांत गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडतात. तळ्याचं पाणी आटून खार दाट झाला की ते तयार होतात. याचा अर्थ मधल्या प्रत्येक वर्षी दुष्काळ होता असा नाही. एकूण मान कोरडं होतं. इंडोनेशियाकडच्या उष्ण समुद्रातल्या बदलांशी शास्त्रज्ञ याचा संबंध जोडतात. आज एल निनोची बातमी आली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, ते नातं जुनंच म्हणायचं.

कोरडेपणाचा दुसरा दाखला पायाखाली आहे. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधल्या पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर गाळ साचलेला आहे. पाऊस कमी आणि बाष्पीभवन जास्त असलं की मातीतला चुना खडे धरतो, तेच आपले चुनखडीचे कंकर. चुना असा अडकला की मातीत सोडियम वरचढ होतो, माती चिकट होते आणि पाणी मुरत नाही. खारपाणपट्टा घडण्यामागे हे मोठं कारण आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातल्या शेकडो गावांना विहिरीचं पाणी ओलिताला चालत नाही, त्याची मुळं इतकी जुनी आहेत. तरी सगळा दोष हवामानावर टाकता येणार नाही. अलीकडच्या शतकांत कुऱ्हाड, चराई आणि नांगर यांनीही रान पातळ केलं.

याचा आज उपयोग काय? पावसाळ्यात गावोगाव झाडं लावण्याचे कार्यक्रम होतात आणि पडीक दिसणारं गवताळ रान खड्डे खणायला सोयीचं वाटतं. पण पवण्या, कुसळी, मारवेल यांचं रान म्हणजे सरसकट उजाड झालेलं जंगल नव्हे. कमी पावसात आणि उथळ मातीत गवत टिकतं, तिथे दाट रोपं लावली की बरीचशी दुसऱ्याच उन्हाळ्यात वाळतात. हिवर, बोर, पळस अशी काटक झाडं विरळ लावली तर तग धरतात. खारपाणात तर जागा पाहूनच रोप निवडावं लागतं.

अकोला जिल्ह्यात फासेपारधी समाजातल्या लोकांनी काही गवताळ रानं राखली आहेत. त्यातून गुरांना चारा मिळतो आणि दुर्मीळ झालेल्या तणमोराला पावसाळ्यात अंडी घालायला उंच गवत मिळतं.